शुद्धिपत्र, चाचणी आणि वाचक
(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त योजिलेल्या व्याख्यानमालेतील व्याख्यान)



शताब्दीच्या या व्याख्यानमालेत बोलण्याचे निमंत्रण देताना कार्यवाहांनी विषयाची निवड माझ्यावरच सोपविली. मी व्यवसायाने संगणकाचा शिक्षक. या वास्तूशी माझे नाते मात्र केवळ वाचकाचे. तेव्हा साहित्यावर बोलण्याचा अधिकार नाही आणि संगणकावर बोलावे तर ते या सभागृहाला शोभेल की नाही, अशा पेचात मी होतो. हा पेच एका ज्येष्ठ सभासदांनी सोडविला. आपल्या ग्रंथसूचीसाठी मुक्तस्रोत आज्ञावली घ्यावी, असा विचार कार्यकारी मंडळात चालू आहे. तो कानी आल्यावर त्यांनी मला जिन्यात गाठले आणि विचारले, “अहो, ही आज्ञावली म्हणे दर महिन्याला दुरुस्त होते. जी वस्तू सारखी दुरुस्त करावी लागते, तिचा भरवसा काय?” प्रश्न रास्त आहे. आजचे व्याख्यान म्हणजे त्यांना जिन्यात देता न आलेले उत्तर होय.

मुक्तस्रोत म्हणजे काय, हे प्रथम थोडक्यात सांगतो. संगणकाकडून काम करून घेणाऱ्या आज्ञांची एक लिखित संहिता असते. बाजारातील पुष्कळ आज्ञावलींची ही संहिता मालकाच्या कुलुपात राहते. ग्राहकाच्या हाती येते ते तिचे यंत्राला कळणारे रूप. मुक्तस्रोत आज्ञावलीची मूळ संहिता कोणालाही वाचता येते, तीत फेरफार करता येतो आणि ती दुरुस्त प्रत इतरांना देता येते. येथे शंका उभी राहते की, ज्या पोथीत कोणीही हात घालू शकतो, ती शुद्ध राहील कशी? आपल्या परंपरेला ही शंका नवी नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रतींवरून प्रती होत गेल्या आणि पाठ बिघडत गेले, म्हणून एकनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढे कोणी तीत पदरच्या ओव्या घालू नयेत, असे बजावून ठेवले. मुक्तस्रोताच्या जगाने दुसरी वाट धरली. तेथे ओवी रचून पुढे ठेवण्यास कोणालाही मज्जाव नाही. परंतु ती कोणी, केव्हा आणि कशासाठी रचली याची नोंद राहते, आणि ती मूळ संहितेत घ्यावयाची की नाही हे रचणाऱ्याने नव्हे, तर इतरांनी पारखून ठरवावयाचे असते.

अशा दुरुस्तीला तेथे पॅच, म्हणजे ठिगळ, म्हणतात. एके काळी हा शब्द अक्षरशः खरा होता. आज्ञा कागदी पट्टीवर भोके पाडून लिहिल्या जात, आणि चुकीचे भोक बुजवावयाचे असेल तर त्यावर कागदाचा तुकडा चिकटवीत. आजचे ठिगळ लेखी असते आणि त्याचे रूप आपल्या परिचयाचे आहे. जुन्या पुस्तकाच्या अखेरीस शुद्धिपत्र असे. त्यात पृष्ठ, ओळ, अशुद्ध आणि शुद्ध असे चार रकाने असत. पॅचमध्येही वगळावयाच्या ओळीमागे वजाचे चिन्ह असते आणि घालावयाच्या ओळीमागे अधिकाचे. दोन संहितांतील फरक काढून देणारी ‘डिफ’ ही आज्ञावली १९७० च्या दशकात बेल प्रयोगशाळेत युनिक्स प्रणालीसाठी तयार झाली. अशा फरकाची यादी घेऊन ती जुन्या संहितेला आपोआप लागू करणारी ‘पॅच’ ही आज्ञावली लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये लिहिली. शुद्धिपत्राची एक अडचण आपण जाणता. पहिल्या आवृत्तीचे शुद्धिपत्र दुसऱ्या आवृत्तीला लागत नाही, कारण मधल्या काळात पाने सरकलेली असतात. पॅचमध्ये यावर साधा उपाय असतो. बदललेल्या ओळीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या, बहुधा तीन तीन, ओळी सोबत दिलेल्या असतात. त्यामुळे ओळीचा क्रमांक बदलला तरी शेजारपाजार ओळखून जागा सापडते. शेजारच बदलून गेला असेल तर पॅच लागत नाही. मग कोणीतरी माणसाने बसून ती नव्या संहितेसाठी पुन्हा बेतावी लागते.

अशी शुद्धिपत्रे शेकड्यांनी येऊ लागली म्हणजे त्यांचा सांभाळ हेच एक शास्त्र होऊन बसते. त्याचे नियम आपल्याच क्षेत्रातील उदाहरणावरून सांगतो. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ ग्रंथालय न्यासाची जुनी संगणकप्रणाली २००० साल उजाडले की बंद पडण्याची भीती होती. त्या न्यासाने १९९९ मध्ये नवी आज्ञावली लिहवून घेतली, जानेवारी २००० मध्ये ती वापरात आणली आणि नंतर जगाला खुली करून दिली. तिचे नाव कोहा. माओरी भाषेत या शब्दाचा अर्थ भेट असा आहे, आणि त्या भेटीत परतफेडीची जाणीव गृहीत असते. आज भारतातील अनेक ग्रंथालयांत ती वापरली जाते.

कोहाच्या संहितेत कोणतीही दुरुस्ती एकट्याच्या शब्दावर जात नाही. दोष आढळला की त्याची नोंद होऊन तिला क्रमांक मिळतो. दुरुस्ती करणारा त्या क्रमांकाखाली आपली पॅच ठेवतो आणि ती कशी तपासावी याच्या पायऱ्या लिहून देतो: अमुक पान उघडा, अमुक नोंद भरा, पूर्वी असे दिसत होते, आता तसे दिसले पाहिजे. मग दुसरा कोणी त्या पायऱ्या स्वतः चालून पाहतो आणि आपली सही देतो. त्यानंतर गुणवत्ता पाहणाऱ्या मंडळातील तिसरी व्यक्ती संहिता वाचते. हे तिघे पार पडल्यावरच आवृत्तीचा प्रमुख ती पॅच मूळ संहितेत घेतो. यातील दुसरी सही करणाऱ्याला संहिता लिहिता येण्याची गरज नाही. चाचणीसाठी मांडून ठेवलेली प्रत त्याला दूरवरून उघडता येते. काउंटरवर बसून पुस्तके देणारा-घेणारा ग्रंथपाल ही सही करू शकतो, आणि असे ग्रंथपाल ती करीत आले आहेत. एक पॅच एकाच दोषापुरती असावी, हाही तेथील पथ्याचा भाग आहे. दहा दोषांची मिळून एकच पॅच केली आणि त्यातील एक दुरुस्ती चुकली, तर चुकीबरोबर नऊ चांगल्या दुरुस्त्याही काढून टाकाव्या लागतात.

इतकी पारख झाली तरी नवे ते लगेच सर्वांच्या हाती देत नाहीत. कोहाची नवी मुख्य आवृत्ती मे आणि नोव्हेंबर अशी वर्षातून दोनदा निघते. दर महिन्याला निघतात त्या जुन्या आवृत्त्यांच्या दुरुस्त प्रती; त्यांत प्रामुख्याने दोषनिवारण असते, नवलाईला फारसा वाव नसतो. ज्येष्ठ सभासदांच्या प्रश्नातील ‘दर महिन्याला’ याचा उलगडा येथे होतो. मुख्य आवृत्तीपूर्वी काही काळ पडद्यावरील वाक्ये बदलण्यास बंदी असते, म्हणजे भाषांतरकारांना आपले काम पुरे करता येते. १९९३ मध्ये सुरू झालेल्या डेबियन या मुक्तस्रोत प्रणालीत तर पायऱ्यांना नावेच दिली आहेत: प्रायोगिक, अस्थिर, चाचणी आणि स्थिर. अस्थिर विभागात आलेली वस्तू काही दिवस तेथे राहते; तेवढ्यात गंभीर दोष निघाला नाही तर चाचणी विभागात जाते. प्रायोगिक विभागातील वस्तू मात्र आपोआप कोठेच जात नाही. ती ज्याने समजून उमजून मागितली त्यालाच मिळते.

वडोदऱ्यात बसून हे ऐकताना एक गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण साऱ्या राज्याला लागू केले ते १९०६ मध्ये. परंतु त्यापूर्वी, १८९३ पासून, त्याचा प्रयोग अमरेली भागात चालला होता. प्रयोगाला मर्यादित जागा, पुरेसा काळ आणि मग सर्वत्र अंमल, हा क्रम या संस्थानाने तेव्हाच पाळला होता. पुण्याच्या भांडारकर संस्थेनेही महाभारताची चिकित्सक आवृत्ती एकदम बाहेर काढली नाही. नारायण बापूजी उत्गीकरांनी संपादिलेले विराटपर्व १९२३ मध्ये तात्पुरती आवृत्ती म्हणून प्रसिद्ध झाले. पुढे १९२५ मध्ये डॉ. विष्णु सीताराम सुखटणकरांकडे संपादनाची सूत्रे आली आणि विराटपर्वाची अंतिम आवृत्ती १९३६ मध्ये, रघुवीर यांच्या संपादनाखाली, निघाली. १९२३ च्या विराटपर्वाला कोणी फसलेले पुस्तक म्हणत नाही. चुका उघड्यावर याव्यात आणि त्या वेळेत याव्यात, यासाठी ते काढले होते.

एवढे सगळे मला ठाऊक होते, असे म्हणावे तर पुढची हकीकत सांगताना मान खाली घालावी लागते. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावच्या लहान मराठी ग्रंथालयाची सूची संगणकावर घेण्याचे काम मी हौसेने अंगावर घेतले होते. कार्डांवरून नोंदी भरण्याचे कष्ट तेथील एका निवृत्त शिक्षिकाबाईंचे. त्या रोज दुपारी येत आणि पाच वाजेपर्यंत बसत. शीर्षके मराठी वर्णक्रमाने लागत नाहीत, ही त्यांची एकच तक्रार होती. त्या आज्ञावलीची एक प्रायोगिक आवृत्ती निघाली आणि तीत हा दोष दूर केल्याचे मी वाचले. एका रविवारी, कोणालाही न विचारता, ती मी ग्रंथालयाच्या एकुलत्या एक संगणकावर चढविली. नव्या आवृत्तीने नोंदी ठेवण्याची मांडणीच बदलली. काम मध्येच अडले. आणि बदललेली मांडणी जुन्या आवृत्तीला वाचता येईना. राखून ठेवलेली प्रत शोधली तर ती सहा आठवड्यांपूर्वीची निघाली. सहा आठवड्यांच्या दुपारी गेल्या.

दोष आज्ञावलीचा नव्हता. ही आवृत्ती केवळ तपासणीसाठी आहे, जपावयाच्या नोंदींवर वापरू नये, असे सोबतच्या सूचनापत्रात पहिल्याच परिच्छेदात लिहिले होते. तो परिच्छेद मी वाचला नव्हता. सोमवारी बाईंना सांगितले तेव्हा त्या इतकेच म्हणाल्या, “मला वाटलं, नवीन म्हणजे दुरुस्त केलेलं.” दुसऱ्या दिवशी त्यांनी कार्डांचा खण पुन्हा ओढला. नवी आवृत्ती मग मी माझ्या घरच्या संगणकावर, नोंदींची नक्कल घेऊन, चालवू लागलो आणि अधूनमधून बाईंना दाखवू लागलो. त्यांनी एक वही घातली. तीतील पहिली नोंद मला आजही पाठ आहे: “दऱ्या असे लिहिले. दर्या असे दिसते. हे दोन शब्द वेगळे आहेत.”

श्रोतेहो, काय केले, काय झाले आणि त्यात चूक काय, हे सारे तीन वाक्यांत सांगणारा इतका नेमका दोषवृत्तान्त मी अभियंत्यांकडूनही क्वचित पाहिला आहे. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. आचार्यास दिलेली दक्षिणा आणि आचाऱ्यास दिलेला पगार यांत एका रफाराचे अंतर आहे. संगणकावर हा अर्धा र दोन प्रकारे लिहितात: एक तर ऱ या स्वतंत्र अक्षराने, किंवा साध्या र ला हलन्त करून त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह घालून. आमच्या नोंदी दुसऱ्या प्रकारच्या होत्या. प्रायोगिक आवृत्तीत कोणीतरी अदृश्य चिन्हे निरुपयोगी समजून झाडून काढली होती, आणि त्या झाडलोटीत सह्याद्रीच्या दऱ्या समुद्रात गेल्या. लिहिणाऱ्याच्या भाषेत अशा चिन्हाचे काही काम नसेल तर ते कचऱ्यासारखेच वाटणार; त्याला दोष तरी काय द्यावा? त्याला हे सांगू शकणारा मराठी वाचक त्या टप्प्यावर हजर नव्हता, ही खरी अडचण.

“हे यंत्रच तपासू शकणार नाही का?” असे कोणी विचारील. यंत्र पुष्कळ तपासते. एकदा सापडलेला दोष पुन्हा शिरू नये म्हणून त्याच्यापुरती एक चाचणी लिहून ठेवतात आणि प्रत्येक नव्या पॅचनंतर अशा साऱ्या चाचण्या यंत्र आपण होऊन चालवते. अक्षरे जुळवून पडद्यावर आणणारी हार्फबझ नावाची मुक्तस्रोत आज्ञावली आहे. फायरफॉक्स, क्रोम आणि अँड्रॉइड यांत देवनागरी दिसते ती तिच्या साह्याने. २०१२ च्या सुमारास तिची देवनागरीची बाजू सुधारली जात होती, तेव्हा विकिपीडियातून काढलेले सात लाखांहून अधिक शब्द तिच्याकडून जुळवून घेत आणि मायक्रोसॉफ्टच्या यंत्रणेने जुळविलेल्या शब्दांशी ताडून पाहत. अखेरीस न जुळणारे शब्द शंभराच्या आत आले. हे काम थोर आहे. परंतु ही पडताळणी एका यंत्राची दुसऱ्या यंत्राशी होती. दोघांची चूक एकच असेल तर चाचणी उत्तीर्ण होते. दऱ्या आणि दर्या हे दोन शब्द आहेत, हा निवाडा शेवटी भाषा बोलणाऱ्यानेच द्यावा लागतो.

वर्णक्रमाचेही तसेच आहे. शाळेत आपण ळ, क्ष, ज्ञ ही अक्षरे शेवटी म्हणत आलो. संगणकाच्या युनिकोड या संकेतात ळ हा ल च्या लगेच नंतर येतो, आणि ज्ञ हे ज आणि ञ यांचे जोडाक्षर असल्याने केवळ संकेताच्या क्रमाने लावल्यास ‘ज्ञानेश्वरी’ ज मध्ये जाऊन बसते. ती कोठे शोधावी, हे आपल्या वाचकाच्या सवयीने ठरले पाहिजे. ॲ हे ॲडमिशन, ॲटलस अशा शब्दांसाठी मराठीला रोज लागणारे अक्षर. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्ये. आपण ज्या नगरात राहतो तेथे मराठी ही बाजाराची किंवा कचेरीची भाषा नाही. घरात, देवघरात आणि अशा ग्रंथालयांत ती टिकून आहे. येथील सूचीत ती नीट दिसते की नाही, हे आपल्याऐवजी दुसरे कोण पाहणार?

याच नगरातील प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. १९५१ मध्ये आरंभिलेले हे कार्य १९७५ मध्ये सातव्या कांडाने पूर्ण झाले. अयोध्याकांड आणि युद्धकांड यांचे संपादक डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य होते. भांडारकर संस्थेच्या महाभारतालाही त्यांचा हात लागला होता. ते खंड उघडून पाहावेत. वर निवडलेला पाठ आहे आणि खाली, बारीक टाइपात, न निवडलेले पाठ कोणत्या पोथीतील ते सांगून दिलेले आहेत. संपादकांनी वाचकाला निर्णय दिला आणि तो तपासून पाहण्याचे साधनही दिले. मुक्तस्रोत संहितेचा इतिहास राखणारी, २००५ मध्ये लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी लिहिलेली ‘गिट’ ही आज्ञावली हेच करते. कोणती ओळ कोणी, कोणत्या दिवशी, काय कारणाने बदलली, हे तीत राहते. आणि बदल चुकला असे ठरले तर मागे फिरता येते.

आता त्या ज्येष्ठ सभासदांच्या प्रश्नाकडे वळतो. ज्या आज्ञावलीची शुद्धिपत्रे उघडपणे निघतात, तिच्यात दोष अधिक आहेत असे मानण्याचे कारण नाही. तिचे दोष आपल्याला दिसतात, एवढेच निश्चित म्हणता येते. माझा भरवसा दोष नसण्यावर नाही. दोष सापडेल अशी जागा राखलेली असण्यावर आणि तेथे पाहणारी माणसे असण्यावर आहे. ती जागा आवृत्ती काढणारे राखतात. माणसे आपण द्यावयाची आहेत.

म्हणून कार्यकारी मंडळाला माझी विनंती अशी. सूची स्थिर आवृत्तीवरच ठेवावी; नव्याचा मोह धरू नये. एक जुना संगणक केवळ चाचणीसाठी राखावा आणि प्रत्येक नवी आवृत्ती आधी तेथे, नोंदींच्या नकलेवर, चालवून पाहावी. नोंदींची प्रत रोज काढावी आणि ती परत भरता येते की नाही हे महिन्यातून एकदा प्रत्यक्ष भरून पाहावे. माझ्या हकीकतीवरून एवढा तरी बोध घ्यावा. चाचणीसाठी शे-दीडशे मराठी शब्दांची आणि शीर्षकांची एक यादी करावी. ती करण्यास संगणकाचे ज्ञान लागत नाही. मराठीचे लागते, आणि ते या सभागृहात भरपूर आहे.

सभासदांना विनंती त्याहून लहान आहे. वाचनकक्षाच्या मेजावर सूचना-वही असते. तीत आपण पुस्तके मागतो, पंख्याची तक्रार लिहितो. तिच्यातच यापुढे सूचीतील दोषही लिहावेत: काय शोधले, काय दिसले आणि काय दिसावयास हवे होते. ‘संगणक बिघडला आहे’ एवढे लिहून भागणार नाही. त्या बाईंच्या नोंदीसारखी नोंद हवी. आपली नोंद आम्ही इंग्रजीत उतरवून आज्ञावलीच्या कर्त्यांकडे पाठवू. तिला क्रमांक मिळेल, कोठेतरी कोणी तिची पॅच लिहील, आणि ती पॅच बरोबर आहे की नाही हे तपासण्याची पाळी पुन्हा आपल्याकडे येईल.

बाईंची ती वही माझ्यापाशी आहे. पुढे ‘दऱ्या’ची दुरुस्ती झाली तेव्हा नवी प्रत मी त्यांना दाखविली. त्यांनी शब्द टंकून पाहिला, मग ‘तऱ्हा’ पाहिला, ‘वाऱ्यावर’ पाहिला, आणि वहीतील आपल्या नोंदीपुढे लाल शाईने बरोबरची खूण केली. शाळेत मुलांची पाटी तपासावी तशी.